फरशी बसली का?

३ मार्च, सोमवार

ही वही कारखान्याच्या भांडारातली. पहिल्या पानावर ‘वेल्डिंगच्या कांड्या : आवक-जावक’ असं छापलंय, ते खोडलं. गेल्या दोन वर्षांत मी सहा कामं सोडली आणि कुणी विचारलं तर क्रमसुद्धा धड सांगता येत नाही, म्हणून आता आवक-जावक माझीच लिहायची. बेकरी, फोटो स्टुडिओ, मोबाइल दुरुस्तीची टपरी (तिथं मी खरंच बरी होते), मग नाटक कंपनीच्या गाडीबरोबर दिवे लावत आठ महिने, मग... जाऊ दे.

सध्या मावशीकडे. शिवणयंत्राच्या खोलीत गादी टाकलीय. मावशीची अट एकच : “तीन महिने एका जागी बसायचं. मध्येच पळालीस तर तुझ्या आईला तोंड तू दाखव, मी नाही दाखवणार.”

काका, म्हणजे मावशीचे यजमान, लोखंडी जिने करणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं आहेत. एक जिना दुसऱ्यासारखा नाही, जशी जागा तसा जिना. गिऱ्हाईक फोन करतं, काका डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात : पायऱ्या इतक्या, लोखंड इतकं, दिवस इतके. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मे अखेरीस ते निवृत्त होणार. म्हणून मालकीणबाईंनी एक सॉफ्टवेअर घेतलंय. गिऱ्हाईकाने घरबसल्या उंची, रुंदी, वळण भरायचं आणि पलीकडून चित्र, सामानाची यादी, तारीख, सगळं तयार बाहेर यायचं. पण त्या सॉफ्टवेअरला जिन्यातलं ओ की ठो कळत नाही. ते काकांच्या डोक्यातून काढून त्यात भरायचं. ते काम माझं. दहावी दोन खेपांत झालेल्या मुलीचं.

काका म्हणाले, “भिंगरे, पोट दुखतंय का तुझं?”

“नाही.”

“मग तोंड असं का?”

दुखत होतं.

६ मार्च, गुरुवार

काकांना सरळ प्रश्न विचारला की ते उलट प्रश्न विचारतात.

“काका, तीन मीटर उंचीला पायऱ्या किती?”

“चढणार कोण?”

“माणूस.”

“कसला माणूस? पोतं घेऊन चढणारा की पेला घेऊन?”

पोतं की पेला, हे मी लिहून घेतलं आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘वापर : जड / हलका’ असा कप्पा केला. सॉफ्टवेअर कंपनीचा एक पोरगा मला पडद्यावरून शिकवतो. तो म्हणतो, मास्तर, फक्त हो की नाही सांगा. काका म्हणाले, “जिना हो की नाही नसतो हो. तुमचं लग्न झालंय का?” पोराचा आवाज थोडा वेळ गेला. नेट गेलं असेल.

नियम असे : साडेतीन मीटरच्या वर उंची असेल तर मध्ये थांबा हवा. उघड्यावर असेल तर पायरीला भोकं, पाणी राहू नये म्हणून. आणि सगळ्यात मोठा नियम, जो काकांनी टेबलावर बोट आपटून तीनदा सांगितला : सगळ्या पायऱ्या एकसारख्या. “माणूस पायरी बघत नाही. पहिल्या दोन चढतो आणि मग पाय आपोआप मोजतो. एक जरी बोटभर उंच निघाली, तरी माणूस गेला.” म्हणून उंचीला पायऱ्यांनी भागायचं, सरसकट. हा नियम सॉफ्टवेअरला एका ओळीत कळला. मलाही.

दुपारी रंगाच्या खोलीत डोकावले. जिने उलटे टांगून फवारतात. मेलेल्या लांब जनावरांसारखे दिसतात. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. परत आले तर काका फोनवर.

११ मार्च, मंगळवार

आज फक्त चार नियम. मी घाबरलेय. बाईंनी चार एप्रिलची तारीख दिलीय. तोवर झालं तर मी कायम, नाहीतर नमस्कार.

काकांचा निम्मा दिवस फोनवरच्या गप्पांत जातो. काम दोन मिनिटांचं, गप्पा दहा मिनिटांच्या. काय म्हणता, बरं आहे ना, मुलगा पास झाला का, घराचं काम कुठवर आलं, फरशी बसली का? कुठली घेतली, जाड की पातळ? खाली मसाला किती घालतायत? अहो, सावकाश करा, घाई नको. प्रत्येकाला! डॉक्टर असो की गोदामवाला, फरशी बसली का. मला हसू आवरेना. घरी येऊन मावशीला नक्कल करून दाखवली. मावशी हसली नाही.

“जगाच्या फरश्या विचारतो. स्वतःच्या स्वयंपाकघराची नऊ वर्षं झाली उखडून. तिथं मी चवड्यावर चालते.”

काका ताटातून मान वर न काढता म्हणाले, “चौकशी चालूच आहे.”

“नऊ वर्षांची चौकशी!”

म्हणजे हे गिऱ्हाइकांना विचारून विचारून घरची फरशी ठरवतायत. काकांचं डोकं म्हणजे काय सांगावं. मला आवडतात ते, पण त्यांच्या गप्पा संपेपर्यंत मी नखं खाते.

२१ मार्च, शुक्रवार

एकशे अडतीस नियम भरले. पोरगा म्हणतो, दोनशे तरी व्हायला हवेत.

काका मुद्दाम रेंगाळतात असं मला वाटायला लागलंय. आज नागमोडी जिन्याचं सांगताना मध्येच थांबले आणि चष्मा पुसत बसले. म्हटलं, “काका, पुढे?” म्हणाले, “उद्या सांगतो. सगळं आजच दिलं तर उद्या तू काय करशील?” मी म्हटलं, उद्या मी पुढचं करीन. त्यावर ते म्हणाले, “हां. तू करशील.” आणि उठून पाणी प्यायला गेले. त्यांना दोन मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागतात, नोकरी मात्र माझी जाणार.

बाई आज माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. आकडा वाचून गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ एप्रिल, शुक्रवार

झालं! दोनशे बारा. पोराने पडद्यावरून टाळ्या वाजवल्या. बाईंनी मला पक्कं केलं.

बाईंनी काकांपुढे एक कागद ठेवला : जिन्याच्या मापाचे सर्व नियम मी दिलेले आहेत, काही राखून ठेवलेलं नाही. सही. काका पेन हातात धरून बसले. इतका वेळ बसले की मला वाटलं पेन चालत नाही, म्हणून मी माझं पुढे केलं. त्यांनी सही केली. मग मला विचारलं, “एवढंच होतं?”

“दोनशे बारा म्हणजे थोडेथोडके आहेत का काका?”

“नाही. पुष्कळ आहेत,” ते म्हणाले.

रात्री जेवले नाहीत. मावशी म्हणाली, पित्त असेल.

७ एप्रिल, सोमवार

सॉफ्टवेअर सुरू. पहिली मागणी अकरा मिनिटांत! एक शिवणकामाचं दुकान, पोटमाळ्यावर जायला जिना, सतरा पायऱ्या. मी, बाई आणि पोरगा, तिघांनी पडद्याकडे बघत श्वास रोखला होता. चित्र उमटलं. इतकं सुबक की फ्रेम करावं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “आकडे बरोबर आहेत.”

फोन दिवसभरात दोनदा वाजला. एक चुकीचा नंबर होता. काका त्याच्याशीही बोलले असते, पण त्याने ठेवून दिला.

१६ एप्रिल, बुधवार

आठ मागण्या. सगळ्यात मोठी एका वयस्कांच्या निवासाची : खालून वरच्या मजल्यावर जायला सरळ जिना, दोन्हीकडे कठडा. मी एकदा तपासलं, दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासताना माझंच मला हसू आलं. तरी झोप नीट लागत नाही. काम चांगलं चाललं की मला वाटतं, आता काहीतरी होणार. बेकरीतही असंच वाटायचं. मग मी काही व्हायच्या आधीच निघायचे.

२ मे, शुक्रवार

पँटची चेन तुटली म्हणून दुकान शोधत निघाले. वाटेत एकाने गाडीवर कबुतरांचे पिंजरे लावले होते, तिथं थांबले, मग रस्ता चुकले, आणि ज्या दुकानात शिरले तिथं समोर आमचा जिना! पहिली मागणी! मी एकदम ओरडले, “हा मी केला!” शिंपीणबाईंना वाटलं मी वेल्डर आहे.

त्या म्हणाल्या, “छान आहे हो. फक्त वरची सासूबाई जरा कडक आहे.”

“कोण सासूबाई?”

“शेवटची पायरी. जो जातो तो तिथं वाकून नमस्कार करतो. माझ्या दोन्ही पोरी पडता पडता राहिल्या, बटणवाला तर साष्टांग. आता सवय झाली. नवीन माणूस आला की आम्ही खालून बघत बसतो.”

मी गेले वर. आणि खरंच, सतरावीनंतर पाय टाकला तो कशाला तरी अडला आणि मी माळ्यावर दोन हात टेकून पोचले. खाली सगळ्या खो-खो हसल्या. मीपण हसले. उतरताना तर पाय खाली जातोय, जातोय, आणि जमीन लागतच नाही. मजा आली एकंदरीत. जिना बसवणाऱ्या फिटरदादांची चूक असणार, सोमवारी त्यांना चिडवायचं.

चेन लावून मिळाली.

५ मे, सोमवार

फिटरदादांना चिडवलं. ते चिडले नाहीत, ते गंभीर झाले. “मी बसवला तेव्हा पातळी लावून बघितलाय. केसाचाही फरक नव्हता. आईशपथ.”

मग मी जेवणाच्या सुट्टीत मापाची फीत घेऊन दुकानात गेले. सतरा पायऱ्या, प्रत्येक अगदी एकसारखी. शेवटची, जिथून माळ्याच्या जमिनीवर पाय ठेवायचा, ती तीन बोटं जास्त. फीत तीनदा लावली. शिंपीणबाई म्हणाल्या, “काय झालं? तुमच्या चेहऱ्याचा रंगच गेला.”

मी विचारलं, “ही माळ्यावरची जमीन अशीच होती?”

“नाही हो. आधी नुसता कोबा होता. जिना बसला आणि मग ही फरशी घातली. खाली मसाला, वर फरशी.”

मी तिथंच पायरीवर बसले.

फरशी बसली का? जाड की पातळ? खाली मसाला किती?

काका गप्पा मारत नव्हते. काका माप घेत होते. लोक वरच्या कच्च्या जमिनीपर्यंतची उंची सांगतात, फरशी मागून येते, जमीन वर चढते आणि शेवटची पायरी एकटीच उंच होऊन बसते. काका फोनवर विचारायचे आणि उत्तर मनातल्या मनात उंचीत मिळवायचे. मी शेजारी बसून सव्वाशे वेळा तरी ऐकलं असेल, आणि नक्कल करून दाखवली.

दोनशे बारा नियमांत फरशीचा शब्द नाही.

६ मे, मंगळवार

कुणाला सांगितलेलं नाही. हातांना घाम येतोय, कळफलक पुसावा लागतो.

चौदा मागण्या. चार जिने बसले. तीन रंगात. बाकीचे कापाकापीत. बसलेल्या चारांत वयस्कांचं निवास आहे.

सांगितलं तर काय होईल? सोमवारी बाहेरून पाहुणे येणारेत हे सॉफ्टवेअर बघायला, बाईंनी त्यासाठी भिंतींना रंग काढलाय. ते जाईल. माझी नोकरी जाईल, ती जाऊ दे, मला सवय आहे. पण कागदावर काकांची सही आहे. काही राखून ठेवलेलं नाही. बाई म्हणतील, मास्तरांनी शेवटी खुन्नस काढली. एकतीस वर्षांच्या शेवटच्या महिन्यात.

नाही सांगितलं तर? पोरी पडता पडता राहिल्या. पोरी आहेत त्या. आजीबाई पडता पडता राहत नाहीत.

दुपारी बस स्टँडवर गेले. का, ते माहीत नाही. म्हणजे, माहीत आहे. फलाटावर गाडी उभी होती, कंडक्टर म्हणाला चढा, खिडकीची जागा आहे. मी विचारलं कुठं जाते. तो म्हणाला, “तुम्हाला कुठं जायचंय?” एक निनावी चिठ्ठी लिहावी असं मनात आलं : ‘फरशी विचारा.’ एवढीच. मग आठवलं की कारखान्यात सगळ्यांना माझं अक्षर ओळखू येतं, भयंकर आहे.

गाडी गेली. मी परत आले. बाई म्हणाल्या, कुठं होतीस? म्हटलं, पोट.

७ मे, बुधवार

सकाळी निवासात फोन केला. आवाज बदलून, जणू मी कुणी फरशीवाली आहे.

“वरच्या मजल्याची फरशी बसली का हो?”

तिथल्या नर्सताई म्हणाल्या, “कालच संपली. तुम्हाला उशीर झाला, दुसऱ्याकडून घेतली. शुक्रवारी सगळ्यांना वर हलवतोय, खालच्या खोल्या फोडायच्यात ना.”

“जाड आहे का फरशी?”

“बाई, तुम्हाला काय करायचंय?” असं म्हणून त्यांनी ठेवला.

संध्याकाळी घरी मावशी भाजी निवडत होती, काका वर्तमानपत्र उघडून एकाच पानावर बसले होते. मी म्हटलं, “काका, तुम्ही फोनवर सगळ्यांना फरशीचं का विचारायचात?”

“मी?”

“हो.”

“मी कुठं विचारायचो?”

मला वाटलं थट्टा करतायत. मी सगळं सांगितलं. दुकान, कोबा, तीन बोटं, निवास, शुक्रवार. काका म्हणाले, “पण मी तर उंची विचारतो. उंची आणि...” ते थांबले. “मी विचारतो असं? प्रत्येकाला?”

मावशी म्हणाली, “अहो, झोपेतसुद्धा विचारता.”

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली. मी म्हटलं, “चूक माझी आहे. मी ऐकत होते आणि मला वाटलं तुम्ही मावशीच्या स्वयंपाकघरासाठी...”

“तिच्यासाठी?” काका मावशीकडे बघत राहिले. मावशीने पहिल्यांदाच त्या विषयावर काही टोमणा मारला नाही.

मग त्यांनी बाईंना फोन लावला. मी हात धरला, म्हटलं मी बोलते. त्यांनी हात सोडवला. “बाई, मास्तर बोलतोय. मी खोटी सही केली. नाही, मुद्दाम नाही. मला ठाऊकच नव्हतं की मला ते ठाऊक आहे.”

बाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण काका फोन कानापासून वीतभर लांब धरून उभे होते.

८ मे, गुरुवार

सॉफ्टवेअर बंद. कापाकापी बंद. बाईंच्या खोलीत मी आणि काका शाळेतल्यासारखे उभे.

“मास्तर, हे तुम्ही जाणूनबुजून केलंत असं मी म्हणू शकते. लोक म्हणतीलच.”

“म्हणा,” काका म्हणाले.

“नाही!” मी ओरडलेच. “मी शेजारी बसले होते. त्यांनी रोज सांगितलंय. माझ्या कानांनी ऐकलंय आणि हसलेय मी.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “एका जागी बसून धड ऐकता येत नाही तुला?”

“नाही येत,” मी म्हटलं. खरं तेच.

पाहुण्यांना त्या ‘येऊ नका’ असं कळवणार आहेत. सहा महिन्यांची मेहनत, म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड केलं. मग तशाच म्हणाल्या, “आधी ते निवास. बाकी नंतर बघू कुणाचं काय करायचं.”

निवासात फोन केला तर नर्सताई म्हणाल्या, फोडणारे मजूर काल दुपारीच आले, अकरा जणं कालपासूनच वर आहेत, उरलेले आज चढतायत. वर नळ अजून जोडलेले नाहीत, म्हणून तोंड धुवायला, जेवायला, सगळ्याला खाली यावं लागतं. एक आजी काल सायंकाळी अडखळल्या, गुडघा खरचटला. “त्यांनाच कमी दिसतं,” नर्सताई म्हणाल्या.

फिटरदादा आणि त्यांची माणसं बाहेरगावी एका जिन्यावर, शनिवारी सकाळी येणार. तेव्हा वरच्या चार पायऱ्यांवर चढत्या जाडीच्या पट्ट्या टाकून तो फरक वाटून द्यायचा, आणि नवा जिना होईपर्यंत तेवढ्यावर भागवायचं.

काकांनी टोपी घातली. “चल.”

“काय करणार आपण तिथं?”

“तिथं गेल्यावर बघू. इथून काही करता येत नाही.”

गेलो. काकांनी पायऱ्यांवरून बोट फिरवलं, सगळ्या सारख्या, आणि वर गेल्यावर जवळजवळ प्रेमाने म्हणाले, “काय सुरेख चुकलाय.”

९ मे, शुक्रवार

पावणेआठ वाजलेत. सगळ्यांची जेवणं होऊन सगळे वर पोचले, म्हणून आता लिहिते. पाय असे झालेत की माझे नाहीतच.

सकाळी साडेसहापासून मी वरून दुसऱ्या पायरीवर, कठड्याला पाठ लावून उभी. काम एवढंच : येणाऱ्या-जाणाऱ्याला हात द्यायचा आणि म्हणायचं, इथं पाय जरा जास्त उचला, किंवा, इथं जरा खोल आहे. सतरा माणसं. तोंड धुवायला खाली, वर. चहाला खाली, वर. औषधाला, टीव्हीला, विसरलेल्या चष्म्याला. काका खाली स्टुलावर, मांडीवर यादी, बाकी तेरा गिऱ्हाइकांना एकेक फोन. “नमस्कार, मास्तर बोलतोय. फरशी बसली का?” आणि आता उत्तर आलं की ते कागदावर लिहीत होते. दर फोनला मोठ्याने आकडा म्हणायचे आणि वर माझ्याकडे बघायचे, ऐकलंस ना, अशा नजरेनं.

एक चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी हात धरायला तयार नव्हत्या. “मी काय म्हातारी आहे?”

“नाही हो आजी. पायरी नवीन आहे, तिला अजून वळण नाही.”

“मग तिचा हात धर,” म्हणाल्या आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरल्या. पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा मोठ्याने मोजत चढायचे. सतरा झाल्या की म्हणायचे, “आणि ही जादा टपाल.” उतरताना तेच आधी म्हणायचे. दर वेळी. अकरा वेळा. अकराव्या वेळी मलाच हसू फुटलं.

दुपारी झालं ते लिहायला हात होत नाहीये. जिन्यासमोर खिडकी आहे. पलीकडच्या बांधकामावर क्रेन एक आख्खी पाण्याची टाकी उचलत होती, टाकी फिरत होती सावकाश, आणि उन्हात... मी बघितलं. एवढंच, बघितलं. कानाशी “ही जादा” ऐकू आलं आणि वळले तर आजोबांचा पाय हवेत, खाली जमीन शोधतोय. स्वेटर हातात आला माझ्या. स्वेटरच. मी मागे रेलले, ते माझ्या अंगावर बसले, दोघं पायरीवर आदळलो. त्यांचा चष्मा एकेक पायरी वाजवत खालपर्यंत गेला.

ते माझ्या मांडीवर बसल्यासारखे बसून होते. म्हणाले, “लागलं का गं तुला?” मी फक्त स्वेटर सोडत नव्हते. काका धावत आले, वर आले, मोजूनमापून पाय टाकत. चष्मा आजोबांच्या नाकावर ठेवला, आणि माझे दोन्ही खांदे धरून मला फिरवलं, तोंड जिन्याकडे, पाठ खिडकीकडे. मग परत खाली जाऊन पुढचा फोन लावला. त्यांचा आवाज नीट लागत नव्हता.

त्यानंतर मी वळले नाही. मागे काय काय झालं देव जाणे. एकदा बँड गेला.

चार वाजता बाई आल्या. खालून बघत उभ्या राहिल्या बराच वेळ. मग वर आल्या आणि मी त्यांनाही म्हटलं, इथं पाय जरा जास्त उचला. त्यांनी हात धरला माझा. वर फरशीवर उभ्या राहून म्हणाल्या, “मास्तर मे संपल्यावरही येणार म्हणतायत. पगार नको म्हणतात, फोन हवा म्हणतात. आणि शेजारी तू हवीस म्हणतात. तुझं काय?”

मी म्हटलं, “बाई, खालून कुणीतरी येतंय, जरा बाजूला व्हा.”

काकांचे तेरा फोन झाले. पाच ठिकाणी फरशी यायचीय, शिंपीणबाईंची येऊन बसलीय, बाकी ठीक. स्टूल उचलून ठेवताना ते म्हणाले, “सोमवारपासून मी फोनवर जे जे बोलेन ते लिही. खोकलो तरी लिही. त्यातलं काय नियम आणि काय खोकला, ते मागून ठरवू.”

नर्सताईंनी जिन्याखाली मला गादी टाकून दिली. घरी जायचं का, असं काकांनी विचारलं नाही आणि मीही निघाले नाही.

आत्ता फिटरदादांचा फोन येऊन गेला. गाडी उशिरा सुटतेय, उद्या दुपारी बारापर्यंत पोचतील. इथं तोंडं धुवायला साडेसहाला सुरुवात होते, पोस्टातले आजोबा त्याच्याही आधी उठतात.

सहाचं घड्याळ लावलंय.